पॅडेल: तिरपे आक्रमक फटके कधी, कुठून आणि कशासाठी?

नेटजवळचा

मंडळी, नमस्कार.

नागपुरात पॅडेल (काचेच्या भिंती आणि जाळीने वेढलेल्या कोर्टावर दोन जोड्यांनी खेळायचा रॅकेटचा खेळ) खेळणारे आता बऱ्यापैकी झाले आहेत, त्यामुळे 'हा खेळ कसा खेळतात' याच्या पुढचा एक धागा हवा होता. विषय एकच घेतो: नेटवर असताना बाजूच्या जाळीकडे मारलेला तिरपा फटका. मग तो व्हॉली (टप्पा पडायच्या आत मारलेला) असो, बांदेहा (डोक्यावरून मारायचा आवरता फटका) असो की हलकेच टाकलेला ड्रॉप.

रविवारी सकाळी कुठल्याही कोर्टाबाहेर थोडा वेळ उभं राहून बघा. जोडी नेटवर पोहोचली की दुसऱ्याच चेंडूला मनगट फिरवून आडवा फटका निघतो. बसला तर टाळ्या. पण बहुतेकदा चेंडू टप्पा न पडता थेट जाळीवर आदळतो आणि नियमाप्रमाणे पॉइंट जातो. नाहीतर जाळीपासून दोन मीटर आत पडून छान वर येतो आणि समोरचा पुढे येऊन आपल्या दोघांच्या मधून काढून देतो.

माझं मत असं आहे की कोन मनगटातून निघतच नाही. आपण कुठे उभे आहोत आणि चेंडू किती उंचीवर घेतला, यावर तो ठरतो. थोडं मोजमाप करून बघू. कोर्ट २० मीटर लांब आणि १० मीटर रुंद. बाजूच्या भिंतीत नेटपासून ६ मीटरपर्यंत जाळी आणि त्यापुढची शेवटची ४ मीटर काच. समजा मी डाव्या अर्ध्या भागाच्या मधोमध, नेटपासून २ मीटरवर उभा आहे आणि मला समोरच्या उजव्या जाळीच्या अर्धा मीटर अलीकडे, नेटपासून ४ मीटर आत चेंडू टाकायचा आहे. चेंडूला आडवं ७ मीटर आणि पुढे ६ मीटर जायचं आहे. एकूण साधारण ९ मीटरचा प्रवास. तोच चेंडू मी मागून, नेटपासून ८ मीटरवरून टाकायला गेलो तर आडवं तेच ७, पण पुढे १२ मीटर. प्रवास १४ मीटरच्या जवळ. कोन साधारण ५० अंशांवरून ३० अंशांवर आला, चेंडू हवेत जास्त वेळ राहिला आणि समोरच्याला धावायला वेळ मिळाला. म्हणून मागून मारलेला तिरपा फटका दिसायला छान असला तरी हल्ला म्हणून त्यात दम नसतो.

दुसरी बाब उंचीची. नेट मधोमध ८८ सेंटिमीटर, कडेला ९२. चेंडू नेटच्या वर घेतला तर खाली मारता येतो आणि आखूड टप्पा पाडता येतो. गुडघ्याजवळ घेतला तर आधी वर उचलावाच लागतो, आणि वर गेलेला चेंडू तिरपा नेला की तो थेट जाळीवर जातो किंवा फुग्यासारखा आयता बसतो. मी स्वतःसाठी नियम करून टाकला आहे: नेटच्या पट्टीखाली घेतलेला चेंडू तिरपा मारायचा नाही, मधे आणि खोलवर द्यायचा.

तुमच्याकडून तीन गोष्टी हव्या आहेत. तिरपा फटका मारल्यावर जोडीदाराने कुठे सरकायचं? समोरून असा फटका आला तर काय करायचं? आणि आपल्या हवामानाचा, म्हणजे मे महिन्याचा आणि डिसेंबरच्या रात्रीचा, यात काही फरक पडतो का?

अजनीवाला

भाऊ, धागा मस्त काढला. पण मी तं म्हणतो आपल्या लेव्हलला तिरपं मारूच नका नं. मधे मारा. समोरचे दोघं एकमेकांकडे बघत राहतात, 'तुझा की माझा', तेवढ्यात चेंडू मागच्या काचेवर लागून निघून जातो. मधे मारलं की समोरच्याले कोन भेटत नाही. तुम्ही तिरपं मारलं की तुम्हीच त्याले बाजूची जागा देऊन राहिले. तो जाळीजवळून तुमच्या जोडीदाराच्या बाजूनं सरळ काढतो, नाहीतर आणखी आडवा परत मारतो. मी आमच्या ग्रुपमधे हेच पाहून राहिलो.

शटलवाली

अजनीवाला दादा, मधे मारा हे ठीक. पण फक्त मधेच मारत राहिलं तर दोन पॉइंटनंतर समोरचे दोघं मध्याकडे सरकून उभे राहतात, मग तुमचा मधला चेंडू त्यांना आयता मिळतो. तिरपा फटका अधूनमधून दाखवावाच लागतो, नाहीतर मधली जागा उघडी राहणारच नाही.

मी बॅडमिंटनमधून आले, तिथे नेटवरचा आडवा फटका लहानपणापासून हातात बसलेला असतो. पण पॅडेलमध्ये एक गोष्ट नव्याने शिकावी लागली. बॅडमिंटनमध्ये शटल जमिनीला लागली की खेळ संपतो, इथे टप्प्यानंतरच खरी गंमत सुरू होते. तिरप्या फटक्यात माझं लक्ष्य पहिला टप्पा नसतो, दुसरा असतो. पहिला टप्पा, मग चेंडू जाळीला अलगद लागणार, आणि समोरची पोहोचायच्या आत दुसरा टप्पा. जाळीला लागलेला चेंडू काचेसारखा सरळ हिशोबात परत येत नाही. तारेच्या सांध्यावर लागला तर वेगळाच उडतो, मधल्या भागात लागला तर मरून खाली पडतो. म्हणून हा फटका जोरात मारण्यात अर्थच नाही. जोरात मारला तर जाळीवरून उसळून कोर्टाच्या मधे येतो आणि समोरचीला आयता मिळतो.

हाताचं म्हणाल तर ग्रिप कॉन्टिनेंटल (हातोडा धरतो तशी पकड), रॅकेट मागे जवळपास नेतच नाही. छातीसमोर धरलेली रॅकेट तिथूनच पुढे आणि किंचित खाली. रॅकेटचं तोंड थोडं उघडं, म्हणजे हलका स्लाइस (खालून कापल्यासारखी उलटी फिरकी) लागतो आणि टप्प्यानंतर चेंडू वर येत नाही. मनगट घट्ट. 'मनगट फिरवून मारा' असं जे शिकवतात ते मला पटत नाही. दिशा खांद्याच्या आणि पायांच्या वळणाने द्यावी, मनगट शेवटपर्यंत शांत ठेवावं. त्याने समोरचीला शेवटच्या क्षणापर्यंत कळतही नाही.

आणि एक मनापासून सांगते. आम्हा बायकांच्या मिश्र दुहेरीत समोरचे पुरुष खेळाडू जोरावर खेळतात, तेव्हा जोराला उत्तर जोर नसतं. त्यांना पुढे-मागे आणि आडवं धावायला लावणं हेच उत्तर असतं. तिरपा हळू चेंडू हे माझं सगळ्यात भरवशाचं हत्यार आहे, ते 'आपल्या लेव्हलला नको' म्हणून टाकून द्यायला मी तयार नाही.

अजनीवाला

ताई, दुसऱ्या टप्प्याचं एकदम पटलं. हे कोणी सांगितलंच नव्हतं. पण मधल्या चेंडूचा मुद्दा मी सोडत नाही :)

दुबईकर नागपुरी

मूळ धरमपेठेचा, सध्या दुबईत. इथे पॅडेल गल्लोगल्ली आहे, त्यामुळे बघायला आणि खेळायला भरपूर मिळतं.

नेटजवळचा आणि अजनीवाला दोघांचंही म्हणणं एकाच साखळीचे दोन भाग आहेत असं मला वाटतं. व्यावसायिक सामने बघताना तिरपा फटका बघू नका, त्याच्या आधीचे दोन फटके बघा. फेदेरिको चिंगोतोला बघा. उंचीने लहान, जोर मोजका, पण आलेहांद्रो गालानसोबत जगातल्या सर्वांत वरच्या जोड्यांत आहे. तो उजव्या बाजूने खेळतो आणि एका पाठोपाठ एक चेंडू मधे किंवा कोपऱ्यात, खोलवर, कमी वेगाने देत राहतो. समोरचे मागच्या काचेला चिकटले, त्यांचं वजन टाचांवर गेलं, की मग तो एक आखूड तिरपा टाकतो. त्या वेळी समोरच्याला ५-६ मीटर पुढे आणि शिवाय आडवं धावायचं असतं. तोच चेंडू पहिल्या फटक्याला टाकला असता तर समोरचा सर्व्हिस लाइनवर, पुढच्या पायावर असता आणि सहज पोहोचला असता. सर्व्हिस लाइन नेटपासून ६.९५ मीटरवर, म्हणजे आखूड चेंडूपर्यंत जेमतेम तीन मीटर.

थोडक्यात, खोल चेंडूंनी कोन विकत घ्यावा लागतो. फर्नांडो बेलास्तेगिन सलग १६ वर्षं जगात पहिल्या क्रमांकावर राहिला, त्याचे जुने सामने आजही सापडतात. त्यात हा धीर दिसतो. एकेका पॉइंटमध्ये तो किती वेळ काहीच 'खास' करत नाही, हे बघून शिकण्यासारखं आहे.

डोक्यावरच्या चेंडूचं वेगळं. बांदेहा हा मुळात नेटवरची जागा टिकवायचा फटका आहे, पॉइंट संपवायचा नाही. तो तिरपा मारायचा तर आखूड नको, खोल हवा, म्हणजे आधी बाजूची काच आणि मग मागची काच अशा दोन्ही काचा लागतील असा. चेंडू कोपऱ्यात दोन काचांच्या मधे फिरला की बचाव करणाऱ्याला स्वतःभोवती वळावं लागतं आणि तिथून चांगला लॉब (समोरच्यांच्या डोक्यावरून जाणारा उंच चेंडू) निघणं कठीण होतं. विबोरा हा डोक्यावरचाच दुसरा फटका, जास्त आक्रमक, बाजूचा स्लाइस जास्त, वेगही जास्त. पण तो खांदा-कंबर वळवून मारायचा आहे, लॉब डोक्याच्या मागे गेलेला असताना नाही. डोक्यामागचा चेंडू असला तर मुकाट्याने बांदेहा, तोही मधे.

डावखुरा

डावखुऱ्यांच्या वतीने दोन शब्द. जोडीत एक डावखुरा असेल तर तो उजव्या बाजूला उभा राहतो, म्हणजे दोघांचेही फोरहँड आणि डोक्यावरचे फटके मधे येतात. हुआन मार्तिन दियास डावखुरा, बेलास्तेगिनचा अनेक वर्षांचा जोडीदार. आज आर्तुरो कोएयो डावखुरा, आगुस्तिन तापियासोबत. महिलांत पाउला होसेमारिया. वरच्या जोड्यांत डावखुरे एवढे दिसतात त्याचं हे एक मोठं कारण.

आपल्या नागपूरची बॅडमिंटनपटू मालविका बनसोडही डावखुरी आहे. खेळ वेगळा, पण डावखुऱ्याच्या फटक्याचा कोन समोरच्याला सवयीच्या उलट बाजूने येतो हे तिच्या खेळात स्पष्ट दिसतं. आमच्याशी खेळताना समोरचे नेहमी म्हणतात की स्लाइस उलटा वळला. तो आमच्यासाठी सरळच असतो.

भौतिकशास्त्र

हवामानाचा प्रश्न माझ्या आवडीचा, म्हणून सविस्तर लिहितो. महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो आणि संध्याकाळी खेळतो.

पॅडेलचा चेंडू टेनिसच्या चेंडूसारखा दिसतो पण त्यातला दाब कमी असतो. नियमाप्रमाणे २.५४ मीटरवरून सोडला तर तो १३५ ते १४५ सेंटिमीटर उसळला पाहिजे. आता आत कोंडलेली हवा तापमानाप्रमाणे दाब बदलते. डिसेंबरच्या रात्री आपल्याकडे १० अंश, आणि मे महिन्यात संध्याकाळी सूर्य मावळल्यावरही ४० अंश समजा. निरपेक्ष तापमानात हे २८३ आणि ३१३ केल्व्हिन. म्हणजे आतला एकूण दाब जवळपास दहा टक्क्यांनी जास्त. बाहेरच्या हवेचा दाब तोच राहत असल्यामुळे चेंडूला जो फरक जाणवतो तो याहूनही मोठा. शिवाय गरम रबर जास्त चपळ असतं, थंड रबर सुस्त.

याचा परिणाम थेट फटक्यांच्या निवडीवर होतो. उन्हाळ्यात हळू टाकलेला तिरपा चेंडू टप्प्यानंतर उंच उठतो, जाळीला वर लागतो आणि दुसऱ्या टप्प्याआधी समोरच्याला वेळ मिळतो. शटलवाली यांनी सांगितलेला फटका मे महिन्यात जास्त स्लाइस मागतो आणि तरीही कमी मिळवून देतो. उलट त्याच काळात स्मॅश टप्पा पडून बाजूच्या ३ मीटर जाळीवरून बाहेर काढणं सोपं होतं. हिवाळ्यात स्मॅश बाहेर जात नाही, मागच्या काचेवरून परत कोर्टात येतो आणि समोरच्याला सोपा चेंडू मिळतो. पण आखूड तिरपा चेंडू तिथेच मरतो. माझ्या मते नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा नागपुरात कोनाचा हंगाम आहे.

हिवाळ्यात आणखी एक. उघड्या कोर्टावर रात्री उशिरा काचेवर दव धरतं. ओल्या काचेवर चेंडू घसरतो, परत येताना खालीच राहतो. तेव्हा दोन काचांचा खोल बांदेहा फार जड जातो समोरच्याला. पण पायाखालचं कृत्रिम गवतही ओलं असतं, त्यामुळे आडवं धावताना सांभाळा. हरण्यापेक्षा गुडघा महत्त्वाचा.

शटलवाली

सर, हे कळल्यावर आता उन्हाळ्यातला माझा खेळ का बदलतो त्याचा उलगडा झाला. मी उन्हाळ्यात आपोआप जास्त खोल खेळायला लागते.

वैनगंगा

नवीन आहे, प्रश्न बाळबोध वाटतील पण विचारते. तिरपा चेंडू माझ्या बाजूला टप्पा पडून जाळीला लागला तर मी जाळीला लागल्यावर मारू शकते का? आणि नेटच्या अगदी जवळ पडलेला चेंडू घेताना रॅकेट नेटच्या पलीकडे गेली तर?

नेटजवळचा

वैनगंगा, अजिबात बाळबोध नाहीत. टप्पा पडल्यानंतर चेंडू जाळीला किंवा काचेला लागला तरी दुसरा टप्पा पडायच्या आत मारता येतो, फक्त सर्व्हिसमध्ये नियम वेगळा: सर्व्हिस टप्प्यानंतर जाळीला लागली तर ती फॉल्ट धरतात, काचेला लागली तर चालते. रॅकेटचं असं की चेंडू आधी आपल्या बाजूला भेटला पाहिजे. मारल्यानंतर हात पुढे वाहत पलीकडे गेला तर चालतं. अपवाद एकच: चेंडू आपल्या बाजूला टप्पा पडून फिरकीने किंवा काचेवरून परत पलीकडे निघाला असेल तर रॅकेट पलीकडे नेऊन मारू शकता. पण कुठल्याही वेळी नेटला अंग, कपडा किंवा रॅकेट लागली की पॉइंट गेला.

रामदासपेठ

मी साठी ओलांडलेला माणूस, त्यामुळे हल्ल्यापेक्षा बचावावर जास्त विचार करतो. धागाकर्त्याच्या पहिल्या दोन प्रश्नांना एकत्रच उत्तर देतो, कारण दोन्ही एकाच जागेच्या दोन बाजू आहेत.

तिरपा चेंडू आपल्या बाजूला आला की लोक चेंडूच्या मागे तसेच तिरपे धावतात. त्याने पोहोचायला उशीर होतो. आधी पुढे या, मग बाजूला. पोहोचल्यावर तीन वाटा असतात. पहिली, समोरच्या खेळाडूच्या बाजूने सरळ. दुसरी, त्याच्या पायाशी हळू चेंडू, ज्याला स्पॅनिशमध्ये चिकिता म्हणतात. तिसरी, उंच लॉब. नवशिका नेहमी पहिलीच घेतो, कारण तिथे मोकळी जागा दिसते. मी म्हणतो लॉब टाका, तोही तिरपा, लांबच्या कोपऱ्यात. तुम्ही नेटजवळ आलात म्हणजे तेही नेटला चिकटलेले आहेत, त्यांच्या मागे सगळं कोर्ट रिकामं आहे. शिवाय चेंडू हवेत असताना तुम्हाला परत आपल्या जागी जायला वेळ मिळतो. माझ्या वयाच्या गुडघ्यांना हा वेळ फार लागतो.

आता हल्ला करणाऱ्यांनी काय करायचं ते यातूनच निघतं. डाव्या बाजूच्याने उजव्या जाळीकडे तिरपा मारला की उजव्या बाजूच्याने लगेच उजवीकडे अर्धं पाऊल सरकून सरळ वाट बंद करावी. डाव्या बाजूच्याने मध्यावर यावं. डावी कड उघडी राहते, राहू द्या. खाली वाकलेल्या माणसाला तिथे चेंडू नेणं सगळ्यात कठीण. पण दोघांनी एकदम सरकलं पाहिजे. कॅरममध्ये स्ट्रायकर मारताना सोंगटी कुठे जाईल आणि स्ट्रायकर स्वतः कुठे थांबेल, दोन्ही आधी बघतात, तसंच इथे फटका आणि फटक्यानंतरची जागा एकत्र ठरवायची. मी जोडीदाराला आधीच सांगून ठेवतो की मी मोठ्याने 'कड' म्हटलं की सरळ वाट तुझी.

दुबईकर नागपुरी

काका, लॉबचा मुद्दा लाख मोलाचा. त्यातच एक भर: तिरपा आखूड फटका मारल्यावर नेटला आणखी चिकटू नये. बरेच जण फटक्याबरोबर वाहत पुढे जातात. मारून झालं की निम्मं पाऊल मागे, म्हणजे लॉबही झेपतो आणि पायाशी आलेला चेंडूही.

अजनीवाला

काका, 'कड' म्हणायचं आजपासून आमच्या ग्रुपमधे सुरू. पण एक विचारतो. मी उजव्या हाताचा, डाव्या बाजूनं खेळतो. फोरहँडनं तिरपं मारायले गेलो की चेंडू नेहमी मधेच राहतो, जाळीपर्यंत जातच नाही. बॅकहँडनं मात्र बरोबर जाऊन राहिला. असं काऊन होते?

नेटजवळचा

अजनीवाला भाऊ, हा नेमका प्रश्न आहे आणि याचं उत्तर कोनाच्याच गणितात आहे. उजव्या हाताच्या माणसाने फोरहँड जितका पुढे, लवकर घेतला तितका चेंडू डावीकडे जातो. उशिरा घेतला तर उजवीकडे. बॅकहँडला नेमकं उलट: लवकर घेतला की उजवीकडे. तुम्ही डावीकडे उभे आहात, तुमचा तिरपा फटका उजवीकडे जायला हवा. बॅकहँडने तो लवकर, शरीरासमोर घेऊन जातो, म्हणून नैसर्गिक. फोरहँडने तोच मारायचा तर चेंडू जवळ येऊ द्यावा लागतो, शरीराच्या रेषेत, आणि खांदा उघडू न देता आतून बाहेर ढकलावा लागतो. घाई केली की तोंड आपोआप मध्याकडे वळतं.

उजव्या बाजूला उभ्या असलेल्या उजव्या हाताच्या खेळाडूला बरोबर उलट. त्याचा फोरहँडचा तिरपा सोपा. म्हणून समोरची जोडी बघताना मी आता हे आधी टिपतो: डाव्या बाजूचा खेळाडू बॅकहँड व्हॉलीला गेला की आमच्या डाव्या हाताच्या जाळीकडे तिरपा यायची शक्यता जास्त, तेव्हा माझा जोडीदार एक पाऊल आधीच पुढे असतो.

भौतिकशास्त्र

वा! हे इतकं साधं असूनही कोणी असं मांडलेलं वाचलं नव्हतं.

डावखुरा

आणि आमच्यासाठी याचं आरशातलं रूप. उजव्या बाजूच्या डावखुऱ्याला बॅकहँडने तिरपं सोपं.

वैनगंगा

याचा सराव कसा करायचा? आमच्या ग्रुपमध्ये कोच रोज नसतात. चौघी मिळून काही करता येईल का?

शटलवाली

वैनगंगा, आम्ही करतो ते सांगते. जाळीपासून हातभर आत, नेटपासून चार मोठ्या पावलांवर एक छोटा टॉवेल टाकायचा, दोन्ही कडांना एकेक. दोघी मागे, दोघी नेटवर. मागच्या दोघींनी साधेच चेंडू द्यायचे, पण प्रत्येक चेंडूची उंची वेगळी: एक कमरेच्या वर, एक गुडघ्याशी. नेटवालीने उंचीवरून ठरवायचं. वरचा चेंडू आला तरच टॉवेलकडे, खालचा आला तर मधे खोल. टॉवेलला चेंडू लागला की नाही ते मोजायचं नाही. निर्णय बरोबर होता का एवढंच मागच्यांनी ओरडून सांगायचं. हे जमलं की दुसरी अट घालायची: सलग दोन खोल चेंडू झाल्याशिवाय टॉवेल वर्ज्य.

कृत्रिम गवतात पसरलेली रेती कडेला साचलेली असते, टॉवेल टाकायच्या आधी पायाने जरा सारखी करून घ्या. रेतीच्या ढिगावर टप्पा पडला तर चेंडू उठतच नाही आणि आपल्याला वाटतं आपला स्लाइस भारी लागला.

रामदासपेठ

रेतीचं चांगलं सांगितलंस. कोर्ट चालवणाऱ्यांना सांगून कडेची रेती नियमित झाडून पसरवून घ्यायला हवी. आमच्या सकाळच्या गटाने तसं सांगितलं आणि त्यांनी लगेच ब्रशची वेळ ठरवून दिली.

सरावात मागच्या दोघींनी नुसते चेंडू देऊ नयेत. तिरपा आल्यावर प्रत्येक वेळी धावून लांबच्या कोपऱ्यात लॉब टाकावा. म्हणजे नेटवालीला निम्मं पाऊल मागे यायची सवय लागेल आणि मागच्यांची दमछाकही उपयोगी पडेल.

वैनगंगा

धन्यवाद सगळ्यांना. वाचनखूण साठवली. शनिवारी सकाळी सहाला टॉवेल घेऊन जातोय चौघी, त्यातली एक डावखुरी आहे. तिला उजवीकडे उभं करून बघणार.

डावखुरा

तिला सांगा, पहिले काही दिवस मधला चेंडू कोणाचा हे ओरडून ठरवा. दोन फोरहँड मधे आले की रॅकेटवर रॅकेट आपटते. आम्ही ठरवलंय की जो चेंडूच्या तिरप्या रेषेत आहे, म्हणजे ज्याच्यासमोर फटका मारणारा नाही, तो मधला घेणार.

अजनीवाला

काल रात्री खेळलो. फोरहँड जरा थांबून घेतला तं दोनदा जाळीपर्यंत गेला. बाकी वेळ मधेच मारलं, ते सोडणार नाही. डावखुरा भाऊ, तो मधल्या चेंडूचा नियम आमच्याकडं उलटा होता, जो समोर उभा तोच घ्यायचा. तुमचा करून पाहतो.